डाव्या बाजूचं वल्हं

कयाकमधून पाण्यात पडायला फार काही करावं लागत नाही. श्वास जरा जोरात घेतला तरी पुरतं. प्रशिक्षण केंद्रावरच्या पहिल्या महिन्यात मी इतक्यांदा पडले की बाकीच्या मुली हसायच्याही थांबल्या. मी पडायचे, उलटी झालेली नाव ढकलत काठावर आणायचे, पाणी ओतून टाकायचे आणि पुन्हा बसायचे. त्या नावेत पाय पुढे लांब करून बसायचं असतं, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं आलटून पालटून मारायचं असतं आणि दिशा पायानं सांभाळायची असते. नाव माझ्या कंबरेपेक्षा थोडीच रुंद होती.

मला लाज याची वाटायची की मी नदीवरची पोरगी होते. केंद्रावरच्या सरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "पहले कभी नाव चलाई है?" आणि मी मान ताठ करून सांगितलं होतं, "दो साल से चला रही हूँ." त्यानंतर पाचव्या मिनिटाला मी पाण्यात होते.

पण खोटं मी बोलले नव्हते. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, दवनीवाड्याच्या पुढं. नदीच्या पलीकडे मध्य प्रदेश लागतो. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या बाया पलीकडच्या भाताच्या बांध्यांत कामाला जायच्या. रस्त्यानं जायचं तर पुलापर्यंत फेरा घ्यावा लागे आणि त्यात अर्धा दिवस जाई. म्हणून पाणी उतरलेलं असलं की सगळ्या डोंग्यानं जात. डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली लांब नाव. तो चालवायचा नदीत मासे धरणारा आमच्या गावचा ढिवर आजा. मी तेरा वर्षांची असताना त्याचा खांदा कामातून गेला. हात वर होईना. बायांचं काम बुडायला लागलं. माझी माय त्यांच्यातच होती. मी मायसोबत डोंग्यात बसून जायची आणि आजाच्या शेजारी बसून त्याला मदत करायची, म्हणून आजानं वल्हं माझ्या हाती दिलं.

वल्हं एकच, एकाच पात्याचं, आणि मी ते कायम डावीकडून मारायचे. एका बाजूनं वल्हवलं की नाव दुसरीकडे वळते, हे लहान पोरालाही कळतं. आजानं मला तेवढीच एक गोष्ट नीट शिकवली. तो म्हणायचा, "वल्हं मांगं आलं का मनगट वळव. दाराची कडी उघडतेस ना, तसं. पान्याले बाहेर ढकल. नाव सिधी जाते." मी दोन पावसाळे तसं करत राहिले. सात-आठ बाया, त्यांचे डबे, कधी एखादी बकरी. मधल्या धारेत डोंगा तिरपा व्हायचा, म्हणून मी त्याचं तोंड आधीच वरच्या अंगाला, धारेच्या उलट ठेवायचे आणि धारच आम्हाला सरळ करून काठाला लावायची.

याच डोंग्यात एक दिवस आमच्या शाळेतले खेळाचे सर बसले. पलीकडच्या गावी त्यांच्या नात्यात तेरवी होती, तिथून परत येत होते. पांढरे कपडे, हातात चपला. अर्ध्या नदीपर्यंत ते माझं वल्हं बघत राहिले. मग म्हणाले, "तू एकाच बाजूनं वल्हवून राहिली. नाव गोल काऊन फिरत नाही?"

"मनगट वळवतो ना सर," मी म्हणाले. आमच्याकडे पोरीही असंच बोलतात.

"दाखव."

मी दाखवलं. काठाला लागल्यावर ते उतरले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "उद्या शाळेत ये. वर्ग बुडाला तरी चालंल, पन मले भेट."

त्यांनी कुठल्या तरी वर्तमानपत्रात निवड चाचणीची बातमी वाचली होती. नागपूरच्या एका तलावावर चाचणी झाली. तिथं कोणी नावेत बसवलंच नाही. हाताची लांबी मोजली, धावायला लावलं, दांडीला लटकून वर ओढून घ्यायला लावलं. रोवण्यात आणि डोंग्यावर कमावलेले माझे हात तिथं उपयोगी पडले. महिन्याभरानं पत्र आलं. भोपाळकडे एका मोठ्या तळ्यावर केंद्र होतं, तिथं राहायचं, शिकायचं, सराव करायचा.

माय पत्राकडे बराच वेळ बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ते हातात धरून ठेवलं.

"नाव चालवायले इतक्या दूर कायले जा लागते?" ती म्हणाली. "आपल्या इथं का नदी नाही?"

बाबा तेव्हा बिरसीला कामावर होते. विमानतळाची धावपट्टी मोठी करायचं काम चाललं होतं. तिथंच मजुरांच्या झोपड्यांत राहायचे आणि आठवड्यातून एकदा सायकलनं घरी यायचे. त्या रविवारी ते आले, पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मायला म्हणाले, "जाऊ दे तिले. इथं रोवनेच करंल." माय रागावली, कारण रोवणे ती स्वतः करत होती. पण दुसऱ्या दिवशी तिनंच माझी पिशवी भरायला घेतली.

तर अशी मी त्या केंद्रावर गेले आणि पडत राहिले. हळूहळू पडणं थांबलं. मग वेग आला, पण पुरेसा नाही. अडीच वर्षं मी कयाकमध्ये होते आणि या काळात मी कायम राखीव राहिले. चौघींची नाव स्पर्धेला निघाली की मी पाचवी. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायची, ओले कपडे वाळत घालायची, काठावर उभी राहून आवाज द्यायची. सर हरियाणाचे, सैन्यातून निवृत्त झालेले. माणूस कमी बोलायचा आणि खोटं मुळीच बोलायचा नाही. एका सकाळी नवी यादी लागली आणि माझं नाव राखिवातही नव्हतं. सरांनी मला बाजूला घेतलं.

"तू मेहनती है," ते म्हणाले. "पर कयाक तेरे हाथ में नहीं बैठा. इस सीज़न के बाद घर जाना पड़ेगा."

मी फक्त "जी सर" म्हणाले. रडले नाही. खरं सांगायचं तर मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटकेचीच नंतर जास्त लाज वाटली.

पण सीझन संपायला अजून काही महिने होते, आणि त्याच आठवड्यात केंद्रात एक बातमी आली. आमच्या खेळात दोन प्रकारच्या नावा असतात. एक कयाक, जिच्यात बसायचं. दुसरी कनू, जिच्यात एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून, अर्धं उभं राहून एकाच पात्याचं वल्हं मारायचं. कनू तोवर पुरुषांचीच होती. आता मोठ्या स्पर्धांत बायकांच्याही कनूच्या शर्यती सुरू होत होत्या. सरांनी सगळ्या मुलींना ओळीत उभं करून विचारलं, कोणाला करून बघायचं आहे. कोणी हात वर केला नाही. कनूत गुडघ्याची सालं निघतात, पाठ जाते आणि नाव तर कयाकहून जास्त डुलते, हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय कयाकमध्ये ज्यांची जागा पक्की होती, त्यांनी ती कशाला सोडावी.

मी रॅकवरच्या त्या मुलांच्या नावांकडे अडीच वर्षं रोज बघत होते. एका बाजूचं वल्हं. मला कधी विचारायचं सुचलंच नव्हतं, कारण तो आमचा प्रकार नव्हता. मी हात वर केला.

सर म्हणाले, "घुटना छिल जाएगा."

मी म्हणाले, "छिलने दो सर. वैसे भी घर ही जाना है."

माझ्यासोबत आणखी चौघींना त्यांनी हुकमानंच उतरवलं. पहिल्या दिवशी सगळ्या पडल्या, मीही तीनदा पडले. पण ज्या थोड्या वेळ टिकल्या, त्यांची नाव जागच्या जागी गोल फिरायला लागली. एकीकडून वल्हवायचं, नाव दुसरीकडे वळणार, आणि कनूला पायानं चालवायचं सुकाणू नसतं. मुलं हे शिकायला महिने घालवतात. मी चौथ्यांदा बसले, गुडघा टेकला, डावीकडून वल्हं ओढलं आणि ते मागे आल्यावर माझं मनगट आपोआप वळलं. नाव सरळ गेली. पुन्हा ओढलं. पुन्हा सरळ. मी तळ्यात बरीच आत गेले आणि मग भीती वाटून थांबले, कारण वळून परत कसं यायचं हे त्या नावेत कोणी सांगितलं नव्हतं.

परत आले तेव्हा सर काठावर पाण्यात घोट्यापर्यंत उतरून उभे होते. बूट घालूनच.

"ये किसने सिखाया?"

"गाँव के आजा ने."

"कोच थे?"

"नहीं सर. मछली पकड़ते थे."

सरांनी वाकून माझी नाव काठावर ओढली. घरी जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढच्या वर्षभरात माझ्या डाव्या गुडघ्याचं कातडं इतक्यांदा गेलं की तिथं काळा, जाड घट्टा झाला. सुट्टीत घरी गेले तर मायनं पहिल्यांदा तोच पाहिला. "हा टोंगळा कोनाचा आहे," ती म्हणाली. "अशा टोंगळ्याच्या पोरीले कोन पाह्यले येईल?" बाबा म्हणाले, "टोंगळा पाह्यले येनाऱ्याले घरात घेऊच नको." मग दोघंही हसली आणि मायनं खोबऱ्याचं तेल आणून जोरजोरानं चोळलं.

सरांनी मला दोघींच्या नावेत घातलं. पुढची मुलगी अंदमानची, कोळ्याची पोर, उजवीकडून वल्हवणारी. तिचं काम लय धरायचं, माझं काम मागून ती लय घ्यायची आणि नाव सरळ ठेवायची. ती समुद्रावर वाढलेली, अंगानं लहान, रागानं मोठी. पहिले दोन महिने आमचं अजिबात जमलं नाही. मी शेजारच्या नावांकडे बघायचे आणि माझं वल्हं तिच्या मागे अर्ध्या क्षणानं पडायचं. ती मागे न बघताच ओळखायची.

"तू फिर देख रही है."

"नहीं देख रही."

"मेरी पीठ देख. बाकी सब मैं देखूँगी. तेरे को जो चाहिए, मेरी पीठ पे लिखा है."

एके दिवशी चिडून मी खरंच फक्त तिच्या पाठीकडे बघत राहिले. पाठीच्या डाव्या बाजूला एक स्नायू असा होता की वल्हं पाण्यात जायच्या जरा आधी तो वर यायचा. तो वर आला की मी वल्हं खाली घालायचे. त्या दिवशी नावेखालच्या पाण्याचा आवाजच बदलला. आदळणं थांबलं आणि एक सलग शीळ यायला लागली. आम्ही दोघी तशाच तळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. तिथं ती म्हणाली, "अभी आया ना." त्यानंतर आमचं भांडण झालं ते फक्त जेवणावरून.

देशातली स्पर्धा आम्ही जिंकलो आणि आशियातल्या देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेसाठी आमची निवड झाली. मी पहिल्यांदा विमानात बसले. खिडकीतून खाली काहीच ओळखू आलं नाही. अंदमानवाली विमानांना सरावलेली होती, ती आधीच झोपली.

तिथं पोचल्यावर पहिली अडचण आली. आमच्या नावा आम्ही नेल्या नव्हत्या, तिथल्याच भाड्यानं घ्यायच्या होत्या. मिळाली ती नाव चांगली होती, पण गुडघ्याखालचा फोमचा ठोकळा आमच्यापेक्षा उंच मुलींच्या मापाचा. गुडघा जागेवर बसेना. सरांनी स्वतःची झोपायची फोमची चटई सुरीनं कापली, तिचे थर चिकटपट्टीनं बांधले आणि दोघींच्या गुडघ्यांचं माप घेत दुपारभर तो ठोकळा घडवत बसले. शेजारच्या तंबूतले दुसऱ्या देशाचे प्रशिक्षक येऊन बघून गेले. त्यांच्या मुलींकडे सगळं सामान डब्यांत, नीट, नावानिशी होतं.

प्राथमिक फेरीत आम्ही तिसऱ्या आलो आणि अंतिम फेरीत गेलो. नऊ नावा, अंतर पाचशे मीटर. दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद, एवढाच खेळ. दोन मिनिटांसाठी मी घरापासून इतकी वर्षं दूर राहिले होते, असं त्या सकाळी मनात आलं आणि मी ते लगेच काढून टाकलं.

अंतिम फेरीच्या वेळी वारा सुटला. डावीकडून, आडवा. सुरुवातीच्या रेषेवर प्रत्येक नावेचं मागचं टोक एकेक माणूस फळीवर पालथा पडून धरून ठेवतो, सगळ्या नावा एका रेषेत असाव्यात म्हणून. मागचं टोक धरलेलं, पुढचं मोकळं, त्यामुळे वारा नावांची तोंडं उजवीकडे ढकलत होता. इतर मुली सारख्या वल्हं मारून नाव सरळ करत होत्या. सरळ झाली की वारा पुन्हा वळवायचा.

मी आमच्या नावेचं तोंड सरळच्याही पुढं, डावीकडे, वाऱ्याच्या अंगाला नेलं आणि तसंच ठेवलं. अंदमानवालीनं पुढून पाहिलं.

"टेढ़ी है," ती म्हणाली.

"रहने दे. हवा सीधी कर देगी."

सुरुवात होण्याआधी तिनं माझं न ऐकता नाव सरळ केली असती तर मला काही करता आलं नसतं. तिनं वल्हं पुढं धरलं आणि म्हणाली, "तेरी नदी, तेरी मर्ज़ी."

भोंगा वाजेपर्यंत वाऱ्यानं आमचं तोंड हळूहळू उजवीकडे आणलं होतं, आणि तो वाजला तेव्हा आम्ही सरळ होतो. दोन्ही बाजूच्या नावा तिरप्या निघाल्या आणि पहिले काही फटके त्यांचे सावरण्यातच गेले. मला हे नंतर चित्रीकरणात दिसलं. तेव्हा मी फक्त तिची पाठ बघत होते. तो स्नायू वर यायचा, मी वल्हं घालायचे, ओढायचे, मनगट वळवायचे. वारा होता म्हणून नेहमीपेक्षा जरा जास्त वळवायचे. अर्ध्या अंतरावर माझी मांडी थरथरायला लागली. तीनशेच्या पुढं हात आहेत की नाहीत ते कळेना. मग ती ओरडली. आमचं ठरलेलं होतं की शेवटच्या शंभरात ती एकच शब्द ओरडेल, "चल". तिची पाठ आणखी वेगानं हलायला लागली आणि मी तिच्या मागे गेले. उजवीकडे एक लाल नाव इतकी जवळ होती की तिच्या मागच्या मुलीचा श्वास मला ऐकू येत होता. मग तो ऐकू येईना.

रेषा ओलांडल्यावर आम्ही दोघी पुढं वाकून पडलो. किती वेळ ते माहीत नाही. काठावरच्या मोठ्या फलकावर नावं यायला लागली. पहिलं नाव दुसऱ्या देशाचं आलं, ते अपेक्षित होतं, त्या मुली आमच्यापेक्षा नावभर पुढं होत्या. दुसऱ्या जागेवर भारत आला.

"तीसरा होगा," अंदमानवाली म्हणाली. "ठीक से पढ़."

"दूसरा है."

"ठीक से पढ़ ना."

मी तीनदा वाचलं. मग ती मागे वळली. शर्यतीच्या नावेत मागे वळायचं नसतं. आम्ही दोघी पाण्यात पडलो, आणि आशियातल्या दुसऱ्या क्रमांकाची नाव उलटी ढकलत हसत हसत काठाला आलो. सर तिथं उभे होते. त्यांनी आधी नाव ओढून घेतली, तिला कुठं खरचटलं नाही ना ते पाहिलं, मग आमच्या दोघींच्या डोक्यावर एकेक हात ठेवला. पदक घ्यायला चढलो तेव्हा माझ्या गुडघ्यातून रक्त पोटरीवर आलं होतं आणि ते पुसायचं मला भानही नव्हतं. तिरंगा वर जाताना मी त्याच्याकडे बघत होते की हवेकडे, ते आठवत नाही.

संध्याकाळी घरी बाबांना फोन लागला. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तिथली धावपट्टी कशी होती? उतरतानी हादरा बसला का?"

"नाही बाबा."

"मंग चांगली केली असन," ते म्हणाले. ढिवर आजा त्यांच्या शेजारीच उभा होता. त्यालाही बोलायचं होतं. "नावेत बाया किती होत्या?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, दोघीच. "दोघीच?" तो म्हणाला. "मंग पयला नंबर काऊन नाही आला?"

घरी पोचायला आठ दिवस गेले. गोंदिया स्टेशनवर ढोल होते, शाळेतले सर होते, आणि माझं आडनाव चुकवलेला एक हिंदी फलक होता. गावात ट्रॅक्टरवरून नेलं. बुद्धविहारासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, मग भाषणं झाली. ज्यांच्या बांध्यांत आमच्या बाया पिढ्यान् पिढ्या वाकल्या होत्या, ते नदीपलीकडचे पोवार शेतकरीही आले होते. त्यांतले एक म्हातारे पहिल्या रांगेतून उठले आणि आपली खुर्ची मायपुढं सरकवली. "बसा बाई," ते म्हणाले. मी तोवर त्यांना मायला अहो-जाहो करताना कधी ऐकलं नव्हतं. माय कुठल्याच संकोचात पडली नाही. लुगडं सावरून ती खुर्चीवर नीट टेकून बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही.

पदक बायांच्या हातून फिरत गेलं. कोणी वजन पाहिलं, कोणी दातानं चावून पाहिलं, एकीनं ते आपल्या तान्ह्या मुलीच्या गळ्यात घातलं आणि मुलगी त्याच्या भारानं पुढं वाकली. मग कोणीतरी मायच्या हातात माईक दिला. तिनं तो कुठून धरायचा ते पाहून घेतलं.

"पोरगी गेली, लढली, आली," माय म्हणाली. "भात झाला आहे. कोनी जेवल्याबिगर जाऊ नका."

तिनं माईक परत दिला. लोक उठून पंगतीला बसले. मी वाढायला उठले तर तिनं मला हाताला धरून पहिल्या पानावर बसवलं आणि स्वतः वाढलं.